दोघींमधला इयरफोन

मी एक इयरफोन बोलतोय. बिनतारी नव्हे, साधा तारेचा. नांदेडला वजिराबादच्या रस्त्यावर एका हातगाड्यावर माझ्यासारखे ढीगभर टांगलेले होते. उन्हानं आमच्या तारा मऊ पडायच्या. एका संध्याकाळी ड्युटी सुटलेल्या दोन नर्स गाड्यापाशी थांबल्या. मोठीनं माझी तार ओढून बघितली, "टिकंल का?" म्हणून गाडेवाल्याला विचारलं आणि मला पर्समध्ये टाकलं.

त्या बुद्धप्रियाताई. अहमदपूरच्या. नवरा वारलेला, मुलगी साक्षी आजीजवळ राहून कॉलेजात जायची. बरोबरची धाकटी करिश्मा, देगलूरची. तिच्या घरी फक्त आई, पंचफुलाबाई. दोघी एकाच खाजगी दवाखान्यात होत्या. जर्मनीत नर्स हव्या आहेत, पण आधी तिथली भाषा बोलता आली पाहिजे, परीक्षा पास व्हायला पाहिजे, असं कळल्यावर दोघींनी एका संस्थेत नाव घातलं होतं. वर्षाच्या आत भाषा शिका, नाहीतर जागा भरतील, असं संस्थेनं बजावलं होतं.

वर्ष ऐकायला मोठं वाटतं. नोकरी करणाऱ्या बाईला विचारा, त्यातलं तिच्या वाट्याला किती येतं ते. दिवस सलाइन लावण्यात, चादरी बदलण्यात, नातेवाइकांची बोलणी खाण्यात जायचा. उरायची ती चहाची सुट्टी आणि सिटी ऑटोतला वेळ. त्या तुकड्यांतच या दोघी एक अख्खी भाषा शिकायला निघाल्या होत्या.

माझं डावं टोक ताईंच्या कानात, उजवं करिश्माच्या. तार आखूड, म्हणून डोक्याला डोकं लावून बसावं लागे. दवाखान्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्या तशा बसायच्या. माझ्यातून एक जर्मन बाई बोलायची आणि त्या तिच्या मागोमाग पुटपुटायच्या.

करिश्माला भाषा पटकन चिकटायची. देगलूरच्या बाजारात ती लहानपणीच तेलुगू शिकली होती, आणि शेजारच्या बसम्माच्या ओट्यावर कन्नड. ताईंची जीभ मात्र अडायची.

"एकेक शब्द पाठ करून राहिली तू ताई," करिश्मा म्हणायची. "वाक्य धर. पेशंटला आपन दिवसभर बोलतो तीच वाक्यं. दुखतंय का, पाणी पिता का, कूस बदला."

"अन ते डेर, डी, दास? कोनाला काय लावायचं, काय कळंना."

"आपल्यातबी तो, ती, ते हायच की. सुई आपली ती, त्यांचीबी ती. ताप आपला तो, त्यांचं मात्र ते. तेवढंच ध्यानात ठेव."

"चुकलं तर लोक हसतील गं."

"हसू दे. हसनाराच नीट करून सांगतो."

मग करिश्मानं कायदाच केला. चहाच्या सुट्टीत मराठी बंद. बशीत बिस्कीट बुडवतानाही जर्मन. पहिल्या आठवड्यात दोघी बहुतेक गप्पच असत. नंतर ताई एकदा चिडल्या आणि मोडक्या जर्मनमध्ये भांडल्या. करिश्मा हसत सुटली. "भांडता आलं म्हन्जे भाषा आली," म्हणाली. त्या दिवशी ताईंचा चेहरा उजळलेला मी फार जवळून बघितला.

परीक्षा पुण्याला होती. मला आत नेता येत नव्हतं, मी बाहेर पिशवीत होतो. परतीच्या गाडीत दोघींनी मला कानाला लावलंच नाही. बोलण्यातून कळलं ते एवढंच, की तोंडी परीक्षेत समोरच्या बाईंनी साधा प्रश्न विचारला आणि ताई मुक्या झाल्या. निकाल लागला. करिश्मा वरच्या मार्कांनी पास. ताईंचा लेखी भाग निघाला, बोलण्याचा राहिला.

करिश्माला बोलावणं आलं. बॅगसुद्धा घेऊन झाली. आणि त्याच महिन्यात देगलूरहून बसम्माचा फोन आला, की पंचफुलाबाई भांडी घासताना खाली पडल्या. लकव्यानं उजवा हात, उजवा पाय गेला होता.

करिश्मा देगलूरला गेली ती परत ड्युटीवर आली नाही. दुसरं कोणी नव्हतंच बघायला. संस्थेनं थोडे दिवस वाट बघितली आणि तिची जागा दुसरीला दिली.

ताई म्हणाल्या, "तू न्हाई तर मीबी न्हाई जात."

फोनवर करिश्मा म्हणाली, "साक्षीचं काय करतीस मंग? इथल्या पगारात तिला कुठवर शिकवशील? माझं ऱ्हायलं ते ऱ्हायलं. तू बस पुन्यांदा परीक्षेला, वर्ष सरायचंय अजून."

तेव्हापासून गच्चीवर माझी दोन्ही टोकं ताईंच्या कानात असायची. माझ्यातून आता करिश्मा बोलायची. आईला भरवता भरवता ती जर्मनमध्ये प्रश्न विचारायची, मागून पंचफुलाबाईंचा बोबडा आवाज यायचा आणि ताई उत्तरं द्यायच्या. उजवं टोक दुसऱ्याला द्यायची सवय झालेली. बसताना त्या अजूनही शेजारी जागा सोडत.

दुसऱ्या खेपेला ताई पास झाल्या.

निघण्याआधी त्या देगलूरला आल्या. पंचफुलाबाईंनी डाव्या हातानं त्यांचा हात धरला आणि सोडेचनात. साक्षीनं आईला बिनतारी इयरफोन घेऊन दिले होते, म्हणून ताईंनी मला करिश्माच्या हातात ठेवलं. "तुझ्यापाशी असू दे," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. करिश्मा रडली नाही. तिनं डबा बांधून दिला, बसमध्ये जागा धरून दिली.

ताईंचे फोन यायचे. थंडीनं बोटं फुटतात, एका आजोबांना माझ्याच हातून जेवायचं असतं, वरिष्ठ बाई कडक आहे, पहिले सहा महिने नोकरी पक्की करत नाहीत. आणि दर फोनला शेवटी, "येऊ का गं परत?" करिश्मा म्हणायची, "मुकाट ऱ्हाय तिथं."

मार्गशीर्षात पंचफुलाबाई गेल्या. सकाळी करिश्मा पाणी पाजायला गेली तेव्हा अंग गार होतं. नर्सच ती, तिला हात लावताच कळलं. तरी ती बराच वेळ नाडी धरून बसली.

बसम्मा म्हणाली, "तुज्या मैत्रिणीला कळीव की."

"नको. ती तिकडं एकटी हाय. ऐकलं की सगळं सोडून निघंल. जरा तिचं पक्कं होऊ दे, मंग सांगते."

राख सावडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा फोन आला. घरात समाचाराला, सांत्वन करायला आलेल्या बाया बसल्या होत्या. करिश्मानं मला कानात घातलं आणि ती मागच्या दाराशी गेली.

ताई घाबरून बोलत होत्या. ते आजोबा पहाटे वारले होते. वरिष्ठ बाईनं सांगितलं होतं, नातेवाईक येतायत, तूच त्यांना भेट, आजोबांचा तुझ्यावर जीव होता.

"करिश्मा, अशा टायमाला काय म्हनतात गं यांच्यात? सगळं डोक्यातून गेलं. त्यांची बायको यायलीय, अन मी पुन्हा मुकी झाले तर?"

करिश्मानं दाराची चौकट धरली. मग हळू, स्पष्ट सांगितलं, "माइन हेर्त्सलिशेस बायलाइट."

"म्हन्जे?"

"तुमच्या दुःखात मी मनापासून संगं हाय."

ताईंनी म्हटलं. अडखळल्या.

"घाई करू नको. समोरच्याकडं बघून म्हन. पुन्यांदा."

ताईंनी पुन्हा म्हटलं. आता शब्द नीट आले, पण पाठ केल्यासारखे.

"पुन्यांदा," करिश्मा म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

ताई थांबल्या. मग अगदी मऊ आवाजात, दुसऱ्याचा हात हातात घेऊन बोलावं तसं त्यांनी ते वाक्य म्हटलं.

करिश्माच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या तारेवरून खाली ओघळलं.

"बरोबर हाय का?" ताईंनी विचारलं.

"बरोबर हाय."

"आई कशाय गं?"

"आता काही त्रास न्हाई तिला."

"बरं झालं बाई. ठेवते, आले ते लोक."

फोन बंद झाला तरी करिश्मानं मला कानातून काढलं नाही. मागून बसम्मा आली. "कोन होतं?"

"ताई."

"काय म्हनली?"

"समाचाराला केलता फोन," करिश्मा म्हणाली आणि आत बायांमध्ये जाऊन बसली.

आता ती देगलूरलाच एका छोट्या दवाखान्यात जाते. परीक्षा पुन्हा द्यायची का, असं कोणी विचारलं तर "बघू" म्हणते. माझी तार वरून सोलली आहे, उजव्या बाजूला आवाज येतो न येतोसा झालाय. लवकरच मी पुरता गप्प होईन. ताईंना अजून तिनं सांगितलेलं नाही. वाचकहो, तुम्हीही सांगू नका, ते तिचं तिनंच सांगायचं आहे. पण कधी काळी सांगून झालंच, तर एवढं मात्र ताईंच्या कानावर घाला, की त्या दुपारी त्यांचं वाक्य कुठंही चुकलं नव्हतं, आणि ते जिथं पोचायला हवं होतं तिथं सगळ्यात आधी पोचलं.