कुणाकडून बसायचं

रग्बीत मुली एकमेकींच्या अंगावर जातात हे मला लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं. तोवर मी समजत होते, तृप्ती शाळेत खो-खोसारखं काहीतरी खेळते आणि गुडघे फोडून घेते. शेजारच्या बेबीनंदाताईंची मुलगी तिच्याच संघात आहे. त्यांनी एक दिवस मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात एका मुलीनं दुसरीला कमरेत धरून असं आडवं केलं की माझ्या हातातली भेंडी खाली पडली.

"आमच्या तृप्तीला असं आपटतात?"

"तुमची तृप्ती बी आपटती की," बेबीनंदाताई शांतपणे म्हणाल्या.

आमच्या तृप्तीला, असं मी म्हणून गेले खरी. पण ती आमची होती की नुसती यांची, हे अजून ठरायचं होतं.

हे म्हणजे राधेश्याम. बदनापुरात बियाण्यांच्या दुकानात कामाला आहेत. तृप्ती त्यांची मुलगी, नववीत. तिची आई मीना तीन वर्षांपूर्वी गेली. माझं पहिलं लग्न दीड वर्षात मोडलं होतं आणि त्यानंतरची बारा वर्षं मी कुंभार पिंपळगावला भावाकडे काढली. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा हळद लागली तेव्हा मला नवऱ्याची भीती वाटली नाही. नवरे काय, दोन महिन्यांत समजतात. भीती वाटली ती चौदा वर्षांच्या त्या मुलीची.

ती मला छळत नव्हती, उलट उत्तर देत नव्हती. ती मला काहीच म्हणत नव्हती. आई नाही, मावशी नाही, काकू नाही. चहा झाला का, हे ती गॅसला विचारायची आणि डबा भरला का, हे ओट्याला. पितृपाटात नवमीला मीनाचं पान वाढायचं होतं. तो स्वयंपाक मी केला. मीनाला अळूवड्या आवडायच्या असं यांच्याकडून कळलं, म्हणून त्याही केल्या. तृप्तीनं सहा खाल्ल्या आणि म्हणाली, "आई चिंच जास्त टाकायची." बहुतेक तेही अळूवडीलाच म्हणाली. मी मात्र दोन दिवस त्या चिंचेचाच विचार करत होते. मला फार काही नको होतं. या मुलीनं मला घरातलं माणूस म्हणून धरावं, एवढंच हवं होतं, आणि ते मागता येत नाही.

त्याच आठवड्यात तिच्या संघाची जिल्ह्याची शेवटची मॅच होती. आमच्याकडच्या शाळांनी हा खेळ का धरला ते सोपं आहे. कबड्डीला गावोगावचे संघ येतात, याला बोटावर मोजण्याइतके. जिंकलं की विभागाला जाता येतं, आणि दहावीला वाढीव गुणांची आशा असते. आदल्या संध्याकाळी जेवताना तृप्ती भाकरीकडे बघून म्हणाली, "उद्या कुंभार पिंपळगावशी हाय."

मी हातातला घास ताटात ठेवला. कारण त्या संघात दैवशाला होती.

दैवशाला माझ्या भावाची मुलगी, तीही नववीत. भावजय शेतात जायची, म्हणून ही माझ्या कडेवर वाढली. अंगानं दणकट. धडपडली तर स्वतःच धूळ झटकायची. आणि एका हाकेत ऐकणारी. वासराची शेपटी धरलेली असो नाहीतर धाकट्या भावाचे केस, मी लांबून "सोड" म्हटलं की तिचा हात उघडायचा. सत्यशीलानं पोरीला काय वळण लावलंय, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या आणि मी वर वर नको नको म्हणत आत फुलायचे.

"तुमचं गाव हाय ना ते," तृप्ती म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि तेही यासाठी.

"हो," मी म्हणाले. मी तिच्या ताटात भाजी वाढली.

अर्ध्या तासानं भावाचा फोन आला. "दैवशाला लई खूश हाय. म्हणती, तिथं आत्या हाय, मंग कशाचं भ्या."

मी यांना विचारलं, मी कुणाकडून बसू? हे म्हणाले, "अगं, खेळ हाय. खेळासारखा बघायचा." आणि दुकानाच्या चाव्या मालकाला द्यायला निघून गेले. पुरुषांना हे असलं बरं जमतं. इकडं बसावं तर जिला मी वाढवली ती म्हणणार, आत्या लग्न होताच फिरली. तिकडं बसावं तर इथली म्हणणार, शेवटी सावत्रच. बरं, घरी थांबावं तर दोघीही म्हणणार.

सकाळी उठून मी दशम्या केल्या. दोन डबे भरले, सारखेच. लिंबाचं सरबत केलं ते मात्र एकाच कॅनमध्ये, कारण माझ्याकडे कॅन एकच होता.

मैदान तृप्तीच्या शाळेचंच. एका बाजूला कडुलिंबाची सावली, तिथं बदनापूरची माणसं. समोरच्या बाजूला उन्हात क्रूझर जीप लावून पिंपळगावची. बेबीनंदाताईंनी सावलीत माझ्यासाठी सतरंजी अंथरली होती आणि तिकडून क्रूझरजवळून दैवशाला दोन्ही हात हलवत होती. मी दोघींकडेही हसले आणि शहाण्यासारखी मैदानाच्या टोकाला, बांबूच्या गोलखांबांच्या मागं जाऊन उभी राहिले. ना इकडची ना तिकडची.

बेबीनंदाताई उठून आल्या. "इथं कामून उभ्या? डोक्यावर ऊन हाय."

"इथून बराबर दिसतं."

"काय दिसतं? इथं फक्त पोरी पडतेत."

बदनापूरच्या मुली निळ्या, पिंपळगावच्या पिवळ्या. दोन्हीकडून सात-सात. सात मिनिटं, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा सात. एवढ्याशा खेळात काय व्हायचंय, असं मला वाटलं होतं. पण त्या सात मिनिटांत मी घामानं ओली झाले. बॉल घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा, की पाच गुण. एवढं मला कळत होतं. एकदा निळ्यांनी टेकवला, एकदा पिवळ्यांनी. दोन्ही वेळा लोक ओरडले आणि मी ओठ मिटून उभी होते. तृप्ती दोनदा पडली. दैवशालाही दोनदा पडली, दुसऱ्यांदा तर माझ्यापासून दहा हातांवर, तोंडावर. उठून थुंकली आणि पळाली. मी पदर तोंडात धरला होता, म्हणजे चुकूनसुद्धा कुणाचं नाव निघायला नको.

विश्रांतीची शिट्टी झाली तशी दैवशाला सरळ माझ्याकडे धावत आली. घामट अंगानं गळ्यात पडली, कॅन उचलला आणि तोंडावर धरून घटाघट प्याली. "आत्या, तू आलीस," म्हणाली. मी तिच्या केसांतली माती काढली. वर बघते तर तृप्ती हातात रिकामी बाटली घेऊन मैदानाच्या मध्यात थांबलेली. ती सरबतासाठीच येत होती. मी कॅन घेऊन तिच्याकडे दोन पावलं टाकेपर्यंत ती वळली आणि नळावर गेली.

मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. सरबताचा कॅनसुद्धा मला धड सांभाळता आला नव्हता.

दुसऱ्या डावात पाच-पाच वरच खेळ अडला. बाजू बदलल्यामुळे आता निळ्या मुली माझ्या दिशेनं येत होत्या. शेवटचं मिनिट उरलं असेल. बॉल कडेला तृप्तीच्या हातात आला आणि ती सुटली. ती काडीसारखी बारीक, पण पळते छान. सगळ्यांना चुकवून ती सरळ माझ्याकडे यायला लागली, आणि तिच्या मागं तिरकी दैवशाला. मला दोघींचे चेहरे दिसत होते. रेषा चार पावलांवर असताना दैवशालानं तिला कमरेत धरलं. तृप्तीचं डोकं मागं फेकलं गेलं, मान वाकडी झाली, डोळे एवढे मोठे झाले. व्हिडिओतली ती आपटलेली मुलगी माझ्या डोळ्यांपुढं आली.

"दैवशाला, सोड तिला."

हा माझाच आवाज होता. साऱ्या मैदानानं ऐकला.

दैवशालाचे हात उघडले. विचार करून नाही, उघडलेच. तृप्ती तशीच दोन ढांगा पुढं आली आणि रेषेपलीकडे माझ्या पायांजवळ बॉल टेकवून पडली. शिट्टी वाजली. थोड्या वेळानं शेवटचीही वाजली. दहा-पाच.

निळ्या मुली नाचत होत्या. बेबीनंदाताई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "मॅच तुम्हीच काढली." तृप्तीला मैत्रिणी ओढत होत्या, तरी ती हसत नव्हती. दैवशाला रेषेवर बसली होती आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

मी डबा घेऊन तिच्याजवळ गेले.

"आत्या, मी सोडलं," ती म्हणाली.

"हो, बाई."

"बराबर धरलं होतं मी. सरांनी शिकवलं तसंच. तिला लागलं नसतं."

"माहीत हाय."

"मंग कामून ओरडलीस?"

"भ्या वाटलं मला."

तिनं मान वर केली. राग नव्हता तोंडावर, नुसता प्रश्न होता. "मी तोंडावर पडले, तुझ्या म्होरं. तव्हा न्हाई वाटलं?"

खरं सांगायचं तर वाटलं नव्हतं. ती उठेल हे मला माहीत होतं. बारा वर्षं ती पडून उठताना मी बघितली होती, म्हणून तिच्यासाठी भिण्याची मला सवयच नव्हती. हे तिला सांगायला हवं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, "दशमी खाऊन घे." तिनं डबा घेतला नाही. त्यांच्या सरांनी हाक मारली आणि ती क्रूझरमध्ये जाऊन मागच्या सीटवर बसली. खिडकीकडं पाठ करून.

घरी आम्ही दोघी पायी आलो. तृप्ती पुढं, मी मागं. अर्ध्या वाटेत ती थांबली.

"तिनं सोडलं ना मला?"

"हो."

"तुम्ही म्हणल्या म्हणून."

"हो."

"मी सुटले असते. बिलकुल सुटले असते." तिचा आवाज चिरकला. "आता मला ते कधीच कळणार न्हाई. पोरी म्हणून राह्यल्यात, तृप्तीच्या मम्मीनं जिंकवलं."

मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, ती माझी मम्मी न्हाई. ती नुसती वळली. चालायला लागली. मला वाटलं, झालं. एका हाकेत दोघी घालवल्या. ज्या तोंडावर सकाळपासून पदर धरून होते, त्यानंच ऐन वेळी घात केला.

दुपारी मी उगाच कणीक मळायला घेतली. कुणालाच भूक नव्हती, पण हातांना काहीतरी हवं होतं. पिंपळगावला फोन लावावासा वाटत होता आणि लावायची छाती होत नव्हती. भावजय उचलेल, म्हणेल, काय केलं हे वन्सं. आणि दैवशालाला काय सांगणार? तुझी काळजी वाटत नाही, हे प्रेमानं कसं सांगायचं असतं?

तृप्ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अंघोळ केलेली, कोपराला हळद लावलेली.

"दैवशालाचा नंबर हाय?"

"तिच्या आईचा हाय. मघापासून मी..."

"द्या."

मी कोपरानंच फोन पुढं सरकवला. माझ्या फोनचा कानाकडचा आवाज गेलाय, तो स्पीकरवरच चालतो. रिंग वाजली, कुणी उचलला नाही. तृप्तीनं पुन्हा लावला. मी म्हणाले, राहू दे, ती रागावली असेल. तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पलीकडून उचलला, आणि दैवशालाचा रडून जड झालेला आवाज आला.

"आत्या, मला आता बोलायचं न्हाई तुझ्याशी."

"आत्या न्हाई," तृप्ती म्हणाली. "आत्याची पोरगी बोलती. ठेवू नको."

पलीकडे फोन ठेवला गेला नाही. तृप्ती ओट्याला टेकून उभी राहिली. ती पुढं काय बोलणार होती मला माहीत नव्हतं, आणि ते त्या दोघींचं होतं. मी पिठाच्या हातांनीच मागच्या दारातून अंगणात गेले.