दोन कुलुपांचे चर्च

चर्चच्या दाराला दोन कुलुपे होती आणि दोन्ही कुलुपांचे धनी ऐन दफनाच्या वेळी समोरासमोर ठाकले होते. मध्ये, दगडी चौथऱ्यावर, मिलुतिनची शवपेटी. माँटेनेग्रोतल्या त्सेतिन्येच्या डोंगरावरून सुटलेला बोचरा वारा दोन्ही पाद्र्यांच्या काळ्या झग्यांत सारख्याच निष्ठेने शिरत होता. मान्यता कोणाला आहे आणि कोणाला नाही, याची त्याला फिकीर नव्हती.

मिलुतिनच्या बहिणीला, यागलिकाला, भाऊ सूर्य मावळण्याआधी मातीत हवा होता. अंधारात या गावात कबर बुजवत नसत. आणि माघारी फिरलेले प्रेत घरातले आणखी एक माणूस घेऊन जाते, यावर तिचा पुरता विश्वास होता.

“मी सुरू करतो,” शहरातून आलेले फादर ब्लाझो म्हणाले. “हे चर्च आमच्या माँटेनेग्रोच्या पूर्वजांनी बांधलं. आम्ही स्वतंत्र होतो. शंभर वर्षांपूर्वी बेलग्रेडच्या सर्बियन चर्चनं गिळलं आम्हाला.”

“स्वतंत्र म्हणे!” सर्बियन चर्चचे फादर नेक्तारिये हसले. “अहो, जगातलं एक तरी चर्च मान्यता देतं का तुम्हाला? तुमच्या शेजारी उभं राहून मी प्रार्थना म्हटली, की उद्या तुम्हीच सांगत सुटाल, बघा, मान्यता मिळाली!”

“मग जा ना घरी.”

“म्हणजे चर्च तुमच्या घशात? तुम्ही जा.”

“आत्या, नाणं उडवू का?” शेजारचा पेको कुजबुजला. “मिलुतिनकाका असता तर पैज लावून बसला असता.”

खरेच बसला असता. खानावळीत याच वादापायी त्याने दात पाडून घेतले होते. चर्चची पायरी मात्र बाप्तिस्म्यानंतर चढला नव्हता. असल्या माणसांच्या जिवावर दोन्ही चर्च श्रीमंत झाली होती.

डोंगरकडा तांबूस होऊ लागला. यागलिकाने डोक्यावरचा काळा रुमाल ओढून काढला, केस मोकळे सोडले आणि पेटीवर दोन्ही तळवे टेकून विलाप मांडला. पुरुषांनी टोप्या उतरवल्या. भावासाठी रडणाऱ्या बहिणीला या डोंगरात कोणी अडवत नाही, पाद्रीही नाही. नेक्तारियेंचे उघडलेले तोंड हळूच मिटले.

“ऊठ रे भाऊराया, दारात दोन दाढ्या,
एकीला मान्यता नाही, एकीला माया नाही,
तुझ्या उशाची माती दोघे मोजत बसले...”

कोणीतरी खोकल्याआड हसू दडवले. पेकोला इशारा कळला: विलाप चालू आहे तोवरच पेटी उतरवायची. दोर ताणले गेले. पेटी उघड्या कबरीत उतरू लागली. यागलिका ओळीला ओळ जोडत राहिली, गळ्यात रक्ताची चव आली तरी. कबरीवर शेवटची शिळा सरकेपर्यंत तिने श्वासालाही फट दिली नाही.

मग ती थांबली, आणि दोघे एकदमच बोलू लागले.

“पाहिलंत? अस्सल आमच्या रीतीनं झालं!” ब्लाझो म्हणाले.

“माझ्या हद्दीत, माझ्या साक्षीनं झालं!”

“साक्ष ना?” तिचा आवाज चिरला होता. “मग एकदा त्याच्या नावानं प्रार्थना तरी म्हणा. कोणीही म्हणा.”

ब्लाझोंनी नेक्तारियेंकडे पाहिले. नेक्तारियेंनी पेकोकडे.

“नाव... काय म्हणालात?” नेक्तारियेंनी विचारले.

यागलिकाने मृताच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाचे ताट उचलले. आशेने पुढे आलेले दोन पवित्र हात तिने हवेत तसेच राहू दिले आणि ताट पेकोपुढे धरले. “घे बाबा. मिलुतिनचं आहे.”