करंजाखालचे दहा गुंठे

“कोन हाय रे तिकडं?”

करंजाखाली वाकलेल्या बेबीनंदाच्या हातातलं खुरपं तिथंच थांबलं. आवाज परमेश्वरचा होता, धाकट्या भावाचा. अकरा वर्षांनी तो तिच्याशी बोलला, तोही चोर समजून.

“मी हाय, बेबी,” ती उभी राहिली.

परमेश्वर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता. पाठीवर फवारणीचा पंप, डोक्याचे केस पांढरे झालेले. चेहरा थेट वडिलांचा, आबांचा.

“इथं काय करून राह्यली?”

“माती न्यायला आल्ते.”

“मातीच? मंग मोजणीवाले कुठं सोडले?”

एवढी वर्षं जपून ठेवलेला टोमणा होता तो. आबा गेले तेव्हा हक्कसोडपत्रावर बेबीनंदानं सही केली नव्हती. करंजाजवळचे दहा गुंठे तुझे, असा शब्द आबांनी दिला होता आणि तो आपल्याच सहीनं पुसून टाकायला तिचं मन धजावलं नाही. पुढं तिनं ना वाटणी मागितली, ना कोर्ट केलं. पण सही न करणारी बहीण माहेरच्या आष्टीत काय, कुठंच कुणाला गोड लागत नाही. दिवाळीचं बोलावणं थांबलं. दहा गुंठे कागदावर राहिले आणि अख्खं माहेर गेलं.

“बचत गटातल्या बायांनी पिकाला घालायचं जीवामृत करायला घेतलंय,” ती म्हणाली. “शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, समदं टिपाडात पडलंय. वरून एक मूठ जित्ती माती लागती. जिथं नांगर न्हाई, फवारा न्हाई, अशी. विरजण न्हाई तर दुधाचं दही कशानं व्हईल?”

“तुझ्या सासरची, बदनापूरकडची माती सरली का?”

“समद्या धुऱ्यांवर तणनाशक मारलंय तिकडं.”

हे खरं होतं, पण अर्धंच. ओढ्याकाठच्या देवळामागं चांगली माती होती. सकाळी तिच्या नवऱ्यानं, राधाकिसननं, हसत विचारलंही होतं, “मूठभर मातीसाठी दोन एसट्या?” ती पिशवी काखेत मारून निघाली होती. माहेरी जायला निमित्त शोधावं लागावं, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

परमेश्वर जवळ आला. पंप मात्र त्यानं धुऱ्यापलीकडंच उतरवून ठेवला.

“तुझ्या हिश्शाला आपुन हात लावला न्हाई,” तो म्हणाला. “नांगर इथवर आला की उचलतो. फवारा बंद. तुझी भावजय, उषा, म्हनती येडे हाव तुमी. म्हनलं, पडू दे पडीक. तिचं हाय ना, तिनंच बघावं.”

रागानं सोडलेली जमीन होती ती. अकरा पावसाळे करंजाचा पाला तिथं पडला आणि कुजला. गवत वाढलं, वाळलं, त्याच मातीत मिसळलं. कुणी पेटवलं नाही, कुणी औषध मारलं नाही. भावाची माया असती तर ही जमीन केव्हाच नांगरली गेली असती. भांडणानं ती राखली.

तो उकिडवा बसला आणि तिनं उकरलेल्या जागी त्यानं बोटं खुपसली. ती सहज आत गेली. काळीभोर, भुसभुशीत माती वर आली. त्यात पांढऱ्या बुरशीचे तंतू आणि वळवळणारं एक गांडूळ. पलीकडं त्याची स्वतःची कपाशी पिवळी पडून उभी होती.

“तिकडं पोत्यावर पोतं खत टाकून राह्यलो,” तो खाली बघूनच बोलला. “ढेकूळ फुटत न्हाई.” मग त्यानं माती नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. “आक्का, आबाच्या धोतराला असाच वास यायचा का गं?”

“असाच.”

आक्का! तिला वाटलं, आता इथंच बसकण मारावी.

“मूठ कशाला, वंजळभर घे,” म्हणत त्यानं दोन्ही हात भरले. पिशवी तिच्या काखेत होती, पण ती विसरून बेबीनंदानं पदर पुढं केला. परमेश्वर क्षणभर थबकला, मग त्यानं जपून माती पदरात सोडली. अकरा वर्षांत माहेरी तिची ओटी भरली गेली नव्हती.

ओटी भरली की माहेरवाशीण त्यातले चार दाणे मागं टाकते, माहेर भरलेलं राहावं म्हणून. बेबीनंदा धुरा ओलांडून कपाशीत गेली. पदरातली माती चिमटी चिमटीनं काढून तिनं भावाच्या चार झाडांच्या बुडाशी टाकली. चार चिमटींनी चार एकर सुधारत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला.

“हां उषा, चहा ठेव,” तो म्हणाला. “दोन कप... न्हाई, पाव्हणी न्हाई. आक्का आली.”

तो पुढं चालू लागला. ती मागून निघाली. पदर दोन्ही हातांनी धरलेला होता, त्यामुळं डोळे पुसायला तिच्याकडं हातच उरला नव्हता.