घरचंच रक्त

"सुई कुणी दिली हिच्या हातात? टोचली-बिचली म्हणजे?" थोरल्या जाऊबाई ओट्याशी पुटपुटल्या. श्यामलाबाईंना नीट ऐकू जाईल, इतपतच हळू.

"मीच घेतली," श्यामलाबाई म्हणाल्या. "जन्म शाळेत शिवण शिकवण्यात गेला. टोचत नाही मला."

घरातल्या प्रत्येक डोहाळेजेवणाला फुलांचे दागिने त्यांनीच गुंफलेले. आज जाऊबाईंच्या सुनेचं, स्वरालीचं होतं आणि दागिने मंडईतून तयार आले होते, प्लास्टिकच्या मोत्यांसकट. श्यामलाबाईंनी सुई डबीत ठेवली. चहाला आपला कप बरोबर उचलला. कानतुटका, खिडकीत एकटा बसवलेला. कपातून हे पसरत नाही, हे घरातल्या सगळ्या पदवीधरांनी मोबाइलवर वाचलं होतं. वाचून मग कप वेगळा काढला होता.

आजाराला नाव नव्हतं. 'काकूंचं इन्फेक्शन', बस.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचं गाठीचं ऑपरेशन ठरलं, रक्त लागणार होतं. सोसायटीचा वॉचमन मच्छिंद्र म्हणाला, "मी देतो की काका. नेहमी देतो."

श्यामलाबाईंचे यजमान दीनानाथराव हसले. "आभारी आहोत. आमच्याकडे घरची माणसं आहेत."

रक्तपेढीत तपासलेलं रक्त तयार होतं. तेही नको. कुणाकुणाचं असतं! मग जाऊबाईंचा मुलगा, स्वरालीचा नवरा सलिल उभा राहिला. तिथल्या बाईंनी त्याला एकट्याला आत बोलावलं, तर पाठोपाठ काकाही शिरले.

"अलीकडे टॅटू? बाहेर कुणाशी संबंध?"

मित्रांबरोबर बँकॉकला जाऊन नुकताच आलेला सलिल बुटाची नाडी बांधायला वाकला. उत्तर काकांनी दिलं. "अहो, कुणाला विचारताय? आमच्या घरात असलं काही नसतं."

रक्त तपासणीत स्वच्छ निघालं. लागण ताजी असली की काही दिवस ती सापडत नाही. म्हणून तर आधी तोंडी विचारतात. पण घराण्याला विचारायचं नसतं.

श्यामलाबाईंची ऑपरेशनआधीची तपासणी स्वच्छ होती, नंतरची नव्हती. बाटली एकच चढली, सलिलची. तरी संशय कुणावर? इस्पितळाच्या सुईवर, आयाबाईंवर. रक्तपेढीने सलिलला फेरतपासणीसाठी किती फोन केले. त्याने नंबरच ब्लॉक केला. श्यामलाबाईंनी विचारलं की तो म्हणायचा, "बघतो काकू." स्वरालीची तपासणी झाली होती ती अगदी सुरुवातीला, या सगळ्याच्या आधी. गोळ्यांनी श्यामलाबाई ठीक होत्या. आईला वेळेत कळलं तर बाळालाही वाचवता येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. दीनानाथराव म्हणाले होते, "गुढीपाडवा होऊन जाऊ दे." पाडवा झाल्यावर, "डोहाळेजेवण होऊन जाऊ दे."

ओटी भरून झाली. फुलांनी लगडलेली स्वराली एकेकाला नमस्कार करत श्यामलाबाईंपर्यंत आली. जाऊबाई मध्ये सरकल्या.

"लांबूनच कर गं. तुझ्या पोटात बाळ आहे."

"पण काकूंना झालंय काय? विचारलं की सगळे विषयच बदलतात."

सलिलने मोबाइल काढला. दीनानाथराव म्हणाले, "अहो, पेढे फिरवा कुणीतरी."

श्यामलाबाईंनी स्वरालीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. कपाळावर घसरलेलं फूल नीट केलं.

"मला एचआयव्ही आहे, बाळा. सलिलच्या रक्तातून आला. उद्या सकाळी तू तपासून घे. मी येते बरोबर."