खांबी सफरचंद दमले तेव्हा

मित्रांनो, मला पाहून कोणालाही वाटते की अंगणात कोणी खांब रोवून ठेवला आहे. मी मात्र सफरचंदाचे जुने झाड आहे. माझ्या जातीला फांद्यांचा पसारा नसतो. एक सरळसोट खोड आणि त्यालाच बिलगलेली फळे. म्हणून तर एका घड्याळजींनी मला आणि माझ्या जोडीदाराला आपल्या चार पावलांच्या अंगणात, भिंतीलगत लावले. "एकट्या झाडाला फळ धरत नाही," असे ते मुलीला म्हणाले होते.

घड्याळजींची बोटे नाजूक कामाला सरावलेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी फळे बोराएवढी झाली की ते प्रत्येक झुबक्यात एकच ठेवत आणि बाकीची खुडून टाकत. मुलीचा जीव तुटे.

"बाबा, आलेली फळं कशाला तोडता?"

"सगळी ठेवली तर झाड पुढच्या वर्षी हात वर करील."

पुढे घड्याळजींचे पाय गेले. दारातल्या खुर्चीतच त्यांचा दिवस जाऊ लागला. अंगण मुलीकडे आले. तसे सगळेच तिच्याकडे आले. सकाळी वडिलांची अंघोळ, औषधे, मग खिडकीशी शिवणयंत्र, दुपारी शिवण शिकायला येणाऱ्या चार बायका. भाऊ परगावी. तो फोनवर म्हणे, "पुढच्या महिन्यात बघतो."

तिने एकही फळ खुडले नाही. त्या वर्षी मी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडले. गल्लीतले लोक कुंपणापाशी थांबत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढंसं झाड आणि केवढं हे!" मीही फुशारून गेले, खोटे कशाला बोलू? पण पुढच्या वर्षी माझ्यावर एकही फूल उमलले नाही. अंगात त्राणच नव्हते. त्याच काकू म्हणाल्या, "उपटून मिरच्या लाव."

तिसऱ्या वर्षी मी पुन्हा लगडले, आणि पुन्हा कोणी ओझे उतरवले नाही. फळे हिरवी असतानाच एका दुपारी पावसाबरोबर वारा सुटला. आधाराची काठी कधीच कुजली होती. मी कलले, एका बाजूची मुळे तटातट तुटली. मुलगी गळ्यात माप घ्यायची टेप तशीच ठेवून धावली आणि तिने मला खांदा लावून धरले.

"बाबा, पडतंय हो!"

"आधी फळं उतरव!" घड्याळजी खुर्चीतून ओरडले.

"कच्ची आहेत!"

"असू देत. झाड राहिलं तर फळं येतील."

तिने मोकळ्या हाताने फळे ओरबाडून काढली. टेपेनेच मला भिंतीतल्या कडीला बांधले. मग ती चिखलात बसली, ती उठेचना.

"मी दमले, बाबा." हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच म्हटले.

घड्याळजी हात पुढे करून म्हणाले, "फोन दे इकडे." मुलाला त्यांनी दोनच वाक्ये सांगितली. "बघतो म्हणू नकोस. रविवारी ये आणि मला घेऊन जा."

मुलीचा चेहरा उतरला. "मी कुठे कमी पडले का?"

"कमी नाही गं. जास्त पुरलीस, म्हणून तर."

रविवारी भाऊ खाली मान घालून आला आणि चार महिन्यांसाठी वडिलांना घेऊन गेला. त्या दुपारी यंत्र वाजले नाही. मुलगी दार उघडे टाकून दिवेलागणीपर्यंत झोपली.

आता दरवर्षी चार महिने वडील भावाकडे, असे ठरले आहे. फळे बोराएवढी झाली की मुलगी स्वतः ती खुडते. हात क्षणभर अडखळतो, पण खुडते. माझी तुटलेली मुळे काही परत आली नाहीत. दहा-बारा फळे होतात, आणि तेवढ्यानेही मला धाप लागते.

मित्रांनो, झाड कधी नको म्हणत नाही. काही माणसेही म्हणत नाहीत. त्यांचे कौतुक करायला जरूर थांबा. पण त्यांच्या अंगावरचे थोडे उतरवा आणि मगच पुढे जा. माझे बोलून झाले. मला आता जरा टेकू द्या.