चौदा गावांचं स्वप्न

"पोरगी चौथीपतुर शिकली, बास. आता शेरडं राखंल," असं भरत म्हणाला आणि ठमाबाईची भाकर तव्यावरच करपली.

"तुझ्या बापानं राखली, तू राखलीस. आता माज्या नातीनं बी राखायची व्हय रं?"

"मग काय करू, आये? पाचवीची शाळा मढ गावाला. दीड कोस वाट, पावसाळ्यात वढ्याला पानी. एकल्या श्रेयाला धाडू?"

भरतचं चुकत नव्हतं, म्हणूनच म्हातारी जास्त पेटली.

साल २००३. त्याच मार्चात तालुक्याहून फर्मान सुटलं होतं. आमच्या शाळा-केंद्रातल्या चौदाही गावांनी आपली शाळा कशी असावी याचं स्वप्न लिहून द्यायचं, पालकांच्या सह्या-अंगठ्यांनिशी. चौदांमध्ये जे समान निघेल, ते साऱ्या केंद्राचं स्वप्न. साहेबांना स्वप्नं पडतात आणि ती लिहायला गुरुजी लागतात, ही जुनीच रीत आहे.

आमच्या हिरडेवाडीच्या सावळेराम गुरुजींनी इमानानं बावीस कलमं लिहायला घेतली. ठमाबाई ग्रामशिक्षण समितीवर होती. ती शेजारी येऊन बसली.

"गुरुजी, ल्हेवा. हिरडेवाडीला येत्या जूनपास्नं पाचवीचा वर्ग व्हावा. पर सतराव्याला ल्हेवा, पयल्याला नगं."

"का हो आजी?"

"पयलं समदी वाचत्यात."

रविवारी जुन्नरच्या बाजाराला गेली तेव्हा तिनं तो कागद स्टँडसमोरच्या तय्यबभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवला. तय्यबच्या आईला ती दरसाल पोटदुखीवर हिरडा पुरवी, त्यामुळं तिथं तिच्या शब्दाला वजन होतं.

"वर गावाच्या नावाची जागा कोरी हाये, तय्यबभाऊ. कुना गुरुजीनं नमुना मागितला, तर न्हाई म्हनू नगा."

"कोई मांगेगा क्या, मावशी?"

"गुरुजी हायेत. मागतील."

मुदतीच्या आदल्या दिवशी तेराही गावांचे गुरुजी तय्यबच्या दारात हजर. बिचाऱ्यांच्या मागं पोलिओ, मतदारयाद्या, खिचडीचे तांदूळ. स्वप्न बघायला सवड कुठली? नमुना बघून त्यांचे चेहरे उजळले. वर आपापल्या गावाचं नाव घातलं, खाली अंगठे उठवले, स्वप्न तयार.

एप्रिलात केंद्रशाळेत सभा भरली. साहेब कागद चाळत होते. सर्वांगीण विकास, मूल्यशिक्षण, परसबाग, सगळं जिथल्या तिथं होतं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चौदाच्या चौदा गावं म्हणतायत, हिरडेवाडीला पाचवीचा वर्ग द्या! स्वतःच्या गावासाठी कुणी मागत नाही! असा एकोपा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही."

गव्हाळवाडीचे जानकू गुरुजी ताडकन उठले. त्यांना तो वर्ग आपल्याच गावात हवा होता.

"साहेब, यात कायतरी गडबड झालीय."

"गडबड कसली? गावाबरोबर बसून तुम्हीच लिहिलंत ना हे?"

इकडं आड, तिकडं विहीर. नाही म्हणावं तर नक्कल उघडी पडते. जानकू गुरुजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"होय साहेब. आमच्या गावाला हिरडेवाडीची... लई कळकळ."

बाकीच्या बारा माना हलल्या. मागं पालकांत बसलेली ठमाबाई तोंडाला पदर लावून खोकत होती. तसा तिला खोकला कधीच नव्हता.

साहेब एवढे भारावले की वर्ग मंजूर झाला आणि कळकळीचा मान म्हणून पाचवीवर नेमणूक झाली जानकू गुरुजींची.

जूनच्या पहिल्या दिवशी ते गुडघ्यापर्यंत भिजून शाळेत आले. दारात श्रेयाचा हात धरून ठमाबाई उभी. गुरुजी तिच्याकडं बघतच राहिले.

"आजी, खरं सांगा. दुकानात तो कागद तुम्हीच ठेवला होता ना?"

"म्या अंगठेवाली बाई, गुरुजी. मला काय कळतंय कागदातलं?" ती हसली, पण नात वर्गात जाऊन बसली तसे तिचे डोळे भरून आले. "येवढंच करा. पोरीला असं शिकवा, की हाती आलेला कागद ती शेवटापतुर वाचंल. तुमच्यावानी नगं."