माझी पुढची बाजू कोणती?

मी नवी मुंबईत, पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. निदान इतकी वर्षं मी स्वतःला गाळाच समजत होतो. हल्ली कुणी मला कलाघर म्हणतं, कुणी हॉल, कुणी नुसतंच ‘आपली जागा’. नेमकी कुठल्या हाकेला ओ द्यायची, तेच मला कळेनासं झालंय.

चाळीसेक वर्षांपूर्वी मला उभं केलं. पंख्याची पाती कापणारी अवजड प्रेस आधी आणून ठेवली आणि मग तिच्याभोवती माझ्या भिंती चढल्या, वर पत्रा पडला. ती दिवसभर धडधडायची आणि मी थरथरायचो. हेच जगणं, असं मला वाटायचं.

तिच्यावर किसन काम करायचा. साताऱ्याकडचा, अबोल माणूस. एका दुपारी मोठा आरडाओरडा झाला. किसनला उचलून नेलं, फरशी धुतली आणि चार वाजता प्रेस पुन्हा सुरू झाली. मला वाटलं, मिटलं.

पुढे कारखाना बंद पडला. बाकीची यंत्रं गेली, पण प्रेस दारातून निघेना, म्हणून ती राहिली. कैक वर्षं आम्ही दोघं अंधारात होतो. मग मालकांची मुलगी सुनयना आली आणि तिने माझी किल्ली केशरबाईंच्या हाती दिली. तुर्भ्यात राहणाऱ्या केशरबाई मूळच्या जालन्याच्या. बाबासाहेबांची गाणी गाणारा त्यांचा जलसा आहे. तालमीला त्यांना हक्काची जागा नव्हती.

त्यांच्याबरोबर अस्मिता नावाची आर्किटेक्ट आली. तिच्या हातात नकाशा नव्हता. सगळ्यांना खाली बसवून तिने विचारलं, “तुम्हाला इथं काय पाहिजे?” कुणी म्हणालं उजेड, कुणी म्हणालं बायकांसाठी संडास, कुणी म्हणालं माळा. मी गोंधळलो. मला बांधताना कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

वाशीत जुन्या इमारती पाडत होते, तिथून खिडक्या आल्या. दोन खिडक्या एका मापाच्या नाहीत. बाजार समितीतला माथाडी कामगार कृष्णात कांद्याची रिकामी पोती घेऊन आला. बायकांनी ती धुऊन, शिवून पत्र्याखाली ताणून बसवली. आवाज घुमायचा थांबला, उन्हाचा तडाखाही कमी झाला. दुसऱ्यांनी टाकलेल्या वस्तू मला का लावतायत, मलाही टाकलेलंच समजतायत का, मला काही उमजेना.

राहिली प्रेस. अस्मिता म्हणाली, “ही इथंच ठेवू. रंगवू, वर दिवे सोडू. जुन्या कामगारांची आठवण.” मला बरं वाटलं. इथं पूर्वी काम केलेल्यांनाही तिने बोलावलं होतं. किसन आला होता. आता तो शेजारच्या कंपनीत वॉचमन आहे. तो दाराबाहेरच उभा होता.

“म्याडम,” तो म्हणाला, “तुमी ती शोभेला ठेवणार. माजी तीन बोटं तिच्यात गेली.”

अस्मिताचा चेहरा उतरला.

“काका, मला माहीत नव्हतं. मग काय करू या?”

“बाहेर काढा.”

“दारातून निघत नाही ना ती.”

“मग भिंत फोडा.”

पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून माझी मागची भिंत फोडली. पहिला घाव किसनने बाहेरून घातला. मला दुखलं की हलकं वाटलं, खरंच सांगता येत नाही. क्रेनने प्रेस ओढून नेली. भगदाडातून खाडीकडचा वारा थेट आत शिरला आणि समोरच्या दाराने निघून गेला. विटा हाती घेतलेल्या लोकांना किसन म्हणाला, “बुजवू नका. आमाला इथं वारा कधी लागलाच नाय.”

अस्मिताने होकार दिला. पंखे कमी लागतील, हे तिने नंतर सांगितलं.

पहिल्या कार्यक्रमाला मंच समोरच्या दाराकडे होता. माणसं दाटीवाटीने बसली. केशरबाई उभ्या राहिल्या आणि त्यांना भगदाडाबाहेर कट्ट्यावर बसलेला किसन दिसला.

“किसनभाऊ, आत या की.”

“नको, बाई. हितनं ऐकतो.”

केशरबाईंनी डफ उचलला आणि लोकांमधून वाट काढत त्या थेट भगदाडापाशी जाऊन उभ्या राहिल्या. “आता काय करावं? तुम्हीच फिरा बरं सगळे,” त्या म्हणाल्या. लोक हसत उठले, चटया उचलल्या आणि उलटे वळून बसले. त्या गायल्या. किसन मान खाली घालून ऐकत होता.

तेव्हापासून कार्यक्रम त्याच बाजूला होतात. माझं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, याचा मला पत्ता नाही. ज्या धडधडीला मी जगणं म्हणत होतो, ती एका माणसाला काय वाटत होती, हे मला इतकी वर्षं कसं कळलं नाही, तेही उमगत नाही.

तुम्ही कधी आलात, तर कुठल्याही बाजूने या. कट्ट्यावर किसन बसलेला असेल. त्याच्याशी बोला, चहा घ्या. फक्त त्याला आत चला म्हणू नका. मीही म्हणत नाही.